स्पेनकर म्हणतात

स्पेनकर या आडनावाचं कुणीही आमच्या ओळखीत नव्हतं. तरी मिशिगनमधल्या नोव्हाय गावात ज्या घराच्या बेसमेंटमध्ये मी अडीच वर्षं राहिले, तिथे या गृहस्थांचं नाव निघाल्याशिवाय दिवस मावळत नसे. आमटीत मीठ कमी पडलं, स्पेनकर. थंडीत गाडी सुरू होईना, स्पेनकर. पहिल्याच परीक्षेत मला सी मिळाला आणि मी जिन्यावर बसून रडू लागले, तेव्हा काका माझ्याहून दोन पायऱ्या खाली येऊन बसले. म्हणाले, "स्पेनकर काय म्हणतात माहीत आहे? पहिली भाकरी तव्याची, दुसरी आपली."

मी नाक पुसत विचारलं, "स्पेनमध्ये भाकरी करतात?"

"अगं, त्यांच्याकडे जे काय करत असतील ते. मी भाषांतर करतोय ना!"

स्पेनकर म्हणजे चारशे वर्षांपूर्वीचे थोर स्पॅनिश कादंबरीकार. त्यांचं खरं नाव काका कधी घेत नसत. काकू काकांचं नाव घेत नसत आणि काका स्पेनकरांचं, असा त्या घराचा रिवाज होता. सोलापूरचा तो सोलापूरकर, मग स्पेनचा तो स्पेनकर, इतका सरळ हिशेब. पाहुण्यांनी पहिल्यांदा ऐकलं की ते विचारायचे, "हे स्पेनकर कुठले? मिरजेचे का?" काका गंभीरपणे सांगायचे, "नाही, जरा पलीकडचे."

काका एका कंपनीत गाड्यांचे ब्रेक तपासणारे इंजिनिअर होते. दिवसभर ब्रेकच बघणारा माणूस, त्यामुळे त्यांचा जगातल्या कुठल्याही ब्रेकवर भरवसा नव्हता. रोज सकाळी ऑफिसला निघताना ड्राइव्हवेमध्येच तीनदा गाडी पुढे घेऊन तीनदा थांबवायचे. शेजारच्या अमेरिकन आजीबाई खिडकीतून हात हलवायच्या. त्यांना वाटायचं, हा माणूस आपल्याला रोज तीन वेळा नमस्कार करतो.

काकू माझ्या आईची शाळेतली मैत्रीण. माझी युनिव्हर्सिटी त्यांच्या घरापासून पंचवीस मैलांवर, पण "एकटी पोर कुठे राहणार" म्हणून त्यांनी मला ठेवून घेतलं. बदल्यात मी त्यांच्या केतकीला दर शनिवारी मराठी शिकवायचं ठरलं होतं. केतकी तेव्हा पंधरा वर्षांची, शाळेत केटी. तिसऱ्या शनिवारपर्यंत मला नेलपॉलिश नीट लावता येऊ लागलं आणि तिला मराठीचं एक अक्षर येईना. तिथे आमची शिकवणी आटोपली. केतकीला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीत. ते तरी द्यायची ते काकूंना. काकांना खांदे उडवून दाखवायची.

मात्र नववीत तिने स्पॅनिश घेतलं आणि काकांनी पब्लिक लायब्ररीतून स्पॅनिशच्या कॅसेट आणल्या. मुलगी माझ्याशी माझ्या भाषेत बोलत नाही, तर मी तिच्या अभ्यासाच्या भाषेत बोलतो, असा सरळ विचार. गाडीत कॅसेट लावून ते कॅसेटमधल्या बाईंना उत्तरं देत. बाई विचारायच्या, तुम्हाला भाऊ-बहीण किती? काका विचारात पडायचे. तेवढ्यात बाई स्टेशनचा रस्ता विचारून मोकळ्या व्हायच्या आणि काका मोठ्यानं सांगायचे, एक बहीण. दीड वर्ष ते बाईंच्या मागे एक प्रश्न राहिले, पण त्यांनी पाठ सोडली नाही.

आणि गंमत म्हणजे केतकी बोलू लागली. काकांचं स्पॅनिश इतकं भयंकर होतं की न सुधारता तिला राहवेना. सकाळी तिला शाळेत सोडताना बापलेकींची गाडीत वादावादी चालायची. ती ओरडायची, "नो, डॅड! रोल युअर आर!" आणि मुलगी आपल्याला ओरडतेय या आनंदात काका तीच चूक पुन्हा करायचे. काकू म्हणायच्या, "माझ्या घरात दोन परदेशी राहतात बाई. जेवायला मात्र वरण-भातच लागतो दोघांना."

मग काकांनी स्पेनकरांची ती जाडजूड कादंबरी विकत आणली. किराणाच्या खाकी पिशव्या कापून तिला कव्हर घातलं, वर लेबल चिकटवलं, लेबलवर स्वतःचं नाव आणि विषय : स्पॅनिश. दर रविवारी दुपारी शब्दकोश घेऊन बसायचे. उठले की छोट्या कार्डावर एखादं वचन लिहून फ्रिजवर चुंबकानं लावायचे. वर स्पॅनिश, खाली इंग्रजी. आठवडाभर ते वचन त्या घरात राबायचं.

एकदा रात्रभर बर्फ पडला. सकाळी मी आणि काका फावडी घेऊन बाहेर. मी आळशीपणानं सगळा बर्फ शेजारच्या आजीबाईंच्या बाजूला ढकलू लागले. काका म्हणाले, "तसं नको. स्पेनकर म्हणतात, दारातला चिखल शेजाऱ्याकडे लोटला तर तो पायांना लागून आपल्याच घरात येतो." मग आम्ही आजीबाईंचाही ड्राइव्हवे साफ केला. माझी कंबर तीन दिवस धरली होती आणि त्या तीन दिवसांत मी स्पेनकरांना मराठीत जे काही म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत दर वर्षी काकांना दोन मिनिटं बोलायला देत. ते स्पेनकरांवर वीस मिनिटं बोलत. एकदा एका गृहस्थांनी मध्येच विचारलं, "आपल्याकडे संत कमी पडले का हो?" काका म्हणाले, "संतांचं नाव काढलं की आपण मान डोलावतो आणि प्रसादाकडे बघतो. परक्याचं नाव घेतलं की निदान ऐकतो." सगळे हसले. मीही हसले. आता वाटतं, काकांनी त्या दिवशी सगळं सांगूनच टाकलं होतं, आम्हाला ऐकू आलं नाही.

केतकी ऐकत होती हे मात्र खरं. एकदा कुठल्याशा मैत्रिणीकडे राहायला जाऊ दिलं नाही म्हणून ती न जेवता खोलीत जाऊन बसली. काकूंचंही डोकं फिरलं, त्या तिचं ताट उचलायला गेल्या. काकांनी हात आडवा घातला. "स्पेनकर म्हणतात, रुसलेल्या माणसाचं ताट झाकून ठेवावं, उचलून ठेवू नये." तासाभरानं केतकी खाली आली, झाकण काढून मुकाट जेवली आणि जाताना म्हणाली, "दॅट वन्स नाइस. फ्रॉम द बुक?" काका म्हणाले, "हो." काकांनी रात्री ते कार्डावर लिहून फ्रिजवर लावलं आणि दुसऱ्या दिवशी ते कार्ड तिच्या आरशाच्या चौकटीत खोचलेलं होतं. हळूहळू आरसा एवढा भरला की तिला केस विंचरायला बाथरूममध्ये जावं लागे.

अकरावीत केतकीच्या वर्गाच्या स्पॅनिशच्या बाईंनी निबंध दिला : त्या थोर कादंबरीकाराची तुम्हाला लक्षात राहिलेली वचनं आणि त्यांचा तुमच्या आयुष्याशी संबंध. उन्हाळ्यात शाळेतून दोन मुलं सहा आठवडे स्पेनला जाणार होती आणि निवड या निबंधावर व्हायची होती. केतकीचं नाव जवळजवळ नक्की मानलं जात होतं. तिनं आरशावरची चौदा कार्डं काढली आणि असा निबंध लिहिला की मला वाचून दाखवताना तिचाच आवाज कापरा झाला.

निबंध परत आला तो मार्कांशिवाय. प्रत्येक वचनापाशी बाईंनी लाल शाईनं विचारलं होतं, पान नंबर? एका वचनापाशी दोन प्रश्नचिन्हं होती. ते होतं, आंब्याची कोय पुरणाऱ्यानं आपले दात मोजू नयेत. खाली लिहिलं होतं की ही वाक्यं मला कादंबरीत सापडत नाहीत. शुक्रवारपर्यंत पानं दाखव, नाहीतर ती बनावट धरावी लागतील.

केतकी तडक बेसमेंटमध्ये माझ्याकडे आली. काका ऑफिसात होते. "तुझ्या युनिव्हर्सिटीची लायब्ररी ह्यूज आहे ना? प्लीज, यू हॅव टु फाइंड देम. बाबानी वाचलंय, म्हणजे असणारच ना." बाबा हा शब्द तिच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

मी दोन दुपारी लायब्ररीत काढल्या. दोन इंग्रजी भाषांतरं पालथी घातली, वचनांचे कोश चाळले. चौदातलं एक सापडलं. अगदी सुरुवातीला, तिसाव्या पानाच्या आसपास. बाकी तेरांचा पत्ता नाही. दुसऱ्या दुपारी खिडकीशी बसून मी ते आंब्याचं वाक्य मनातल्या मनात मराठीत म्हटलं, मग ताटाचं, मग चिखलाचं. ही वाक्यं मराठीत म्हटल्यावर कुठे अडत नव्हती. ती भाषांतर होऊन आलेलीच नव्हती, मराठीतून तिकडे गेली होती.

घरी गेले तेव्हा काका गॅरेजमध्ये होते, गाडीचं चाक काढून बसले होते. मी आधी दिवाणखान्यातून ते खाकी कव्हराचं पुस्तक आणलं आणि उघडलं. शब्दांच्या डोक्यावर पेन्सिलीनं अर्थ लिहिलेले होते, अडतिसाव्या पानापर्यंत. पुढची नऊशे पानं कोरी करकरीत.

"काका, ही वाक्यं कुणाची?"

त्यांनी पाना खाली ठेवला. नाकारलं नाही, हे त्यांचं मला अजून आवडतं.

"नऊ आईची," ते म्हणाले. "चार माझी. आईच्या वळणावर बेतलेली."

त्यांची आई सोलापुरात गिरणी कामगारांची खाणावळ चालवायची. दोन इयत्ता शिकलेली बाई, पण वाढता वाढता बोलायची ते लोक घरी जाऊन बायकांना सांगायचे. केतकी पाच वर्षांची असताना ती वारली. महिनाभर आजारी होती. त्या वर्षी गाड्यांचा धंदा बसला होता, काकांना नवी नोकरी लागून वीस दिवस झाले होते. पुढच्या आठवड्यात रजा मागतो, पुढच्या आठवड्यात मागतो, असं करता करता तार आली.

"आठ वर्षांची असताना केतकीला आईचं एक बोलणं सांगितलं," काका म्हणाले. "म्हणाली, डॅड, प्लीज, नो मोअर व्हिलेज स्टफ. बरं, म्हटलं. मग तिच्यापाशी आईच्या नावानं पुन्हा नाही काढलं. पण त्या दिवशी ताटाचं स्पेनकरांच्या नावावर खपवलं आणि तिनं विचारलं, पुस्तकातलं का? हो म्हणालो. दुसऱ्या दिवशी बघतो तर आईचं वाक्य पोरीच्या आरशावर! आई गेली तेव्हा मी पोचलो नाही गं. आणि ती आपण होऊन इथपर्यंत पोचली होती. मग मला थांबवेना."

मला रागही आला होता आणि रडूही येत होतं. यातलं काय आधी करावं ते न कळून मी म्हटलं, "तिला तुम्हीच सांगायचं. आणि तिच्या बाईंनाही. मी कुणाला काही सांगणार नाही."

शुक्रवारी काकांनी अर्ध्या दिवसाची रजा घेतली. लग्नातला सूट घातला. काकू यायला तयार नव्हत्या, "मला बघून रडायला येईल," म्हणाल्या, म्हणून मी गेले. केतकीला त्यांनी आदल्या संध्याकाळी सांगितलं होतं. ती बाईंच्या खोलीत भिंतीला टेकून उभी होती, आमच्याकडे न बघता. काकांनी खिशातून कार्डं काढली आणि बाईंसमोर उभं राहून सगळी कबुली स्पॅनिशमध्ये दिली. कॅसेटमधल्या बाईंपाशी दीड वर्ष जे शिकले होते ते सगळं त्या दिवशी वापरलं. मला एक शब्द कळला नाही, पण मध्ये एकदा त्यांचा आवाज अडकला तेव्हा आईचं चाललंय हे कळलं. बाईंचेही डोळे भरले होते. त्यांनी सवयीनं एका क्रियापदाची चूक सुधारली आणि मग स्वतःच ओशाळल्या.

बाई भल्या होत्या, पण नियम नियम होता. केतकीवर बनावटपणाचा ठपका ठेवणार नाही, निबंध पुन्हा लिहायला महिना देते, म्हणाल्या. मात्र स्पेनला जाणाऱ्यांची नावं सोमवारी पाठवायची होती. त्यात केतकीचं नाव आता घालता येत नव्हतं.

परतताना गाडीत केतकी मागच्या सीटवर. मग ती म्हणाली, "स्पेनचं जाऊ दे. बट शी वॉज माय ग्रँडमदर. तू तिचं सगळं दुसऱ्याला देऊन टाकलंस."

काका हळूच म्हणाले, "मी सांगितलं होतं. तुला नको होतं."

"आय वॉज एट, डॅड! एकदा नाही म्हटलं. यू कुड हॅव आस्क्ड अगेन."

मी नागपूरला आईला शेवटचं पत्र कधी लिहिलं ते आठवत खिडकीबाहेर बघत बसले.

पुढचे तीन आठवडे ते घर मला सोसवेना. काकांनी फ्रिजवरची कार्डं काढली, कॅसेट परत केल्या. सकाळी काका गाडी तीनदा पुढे नेऊन तीनदा थांबवायचे, केतकी दार आपटून बसायची आणि गाडी निघून जायची. आमटीत मीठ कमी पडलं तर काका मीठ मागून घेत. मला वाटायचं, ओरडून सांगावं, अहो, काहीतरी म्हणा! स्पेनकरांच्या नावावर म्हणा, शेजारणीच्या नावावर म्हणा, पण म्हणा. माझा त्या माणसावर फार जीव होता. तो गप्प बसलेला मला बघवत नव्हता.

चौथ्या शनिवारी सकाळी आम्ही पोहे खात होतो. केतकी वही घेऊन आली आणि काकांच्या समोर बसली. निबंध तिला पुन्हा लिहायचा होता. आजीवर लिहिते, असं तिनं बाईंना विचारून ठरवलं होतं. तिनं चौदा वाक्यं पुढे ठेवली आणि काकांनी नवांवर खूण केली.

"नाइन इज नॉट इनफ," ती म्हणाली. मग थांबून, एकेक शब्द शोधत, मराठीत म्हणाली, "आजी अजून काय म्हणायची?"

काकूंचा हात पोह्यांच्या पातेल्यावर तसाच राहिला. काकांनी तोंड उघडलं. मिटलं. छताकडे बघितलं. या प्रश्नाची त्यांनी किती वर्षं वाट बघितली असेल, आणि आता त्यांना एक वाक्य आठवेना. "म्हणायची गं, खूप म्हणायची," ते म्हणत राहिले. शेवटी त्यांनी टेबलावर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाले, "नाही आठवत. मला नाही आठवत." मी त्यांना रडताना पहिल्यांदाच बघत होते.

केतकी उठली. मला वाटलं गेली. तिनं भिंतीवरचा फोन काढून त्यांच्यासमोर धरला. "आत्याला आठवत असेल. कॉल हर."

सोलापूरला अक्कांच्या, म्हणजे काकांच्या बहिणीच्या, शेजाऱ्यांकडे फोन होता. काकांनी ऑपरेटरला नंबर दिला, पाऊण तासानं लाइन लागली, कुणीतरी अक्कांना हाक मारायला धावलं. तिकडे संध्याकाळ होती, मागे कुणाचा तरी रेडिओ चालला होता. काका काही बोलण्याआधीच केतकीनं रिसीव्हर घेतला. "आत्या, मी केतकी. आजी काय म्हणायची, ते सांगा ना. स्लोली सांगा." बेडरूममध्ये दुसरा फोन होता. काका तिकडे गेले आणि दारातून आम्हाला दिसतील असे पलंगाच्या कडेवर बसून ऐकू लागले. केतकी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत होती, तोंडानं प्रत्येक शब्द पुन्हा म्हणत, त्यामुळे आम्हाला इकडे सगळं कळत होतं. अक्का थांबायलाच तयार नव्हत्या. एक झालं की दुसरं, दुसरं झालं की तिसरं. मध्येच केतकी हसायची. पलंगावर काकाही हसायचे आणि लगेच डोळे पुसायचे.

मग केतकीची पेन्सिल थांबली. "बाबाबद्दल?" तिनं विचारलं. "बाबाबद्दल काय म्हणायची?"

ती बराच वेळ ऐकत राहिली. मग हळूहळू, अक्कांच्या मागोमाग म्हणत लिहू लागली. "आजारी होती तेव्हा. लोक म्हणायचे, तुमचा मुलगा येत नाही. तर आजी म्हणायची. येत नाही म्हणू नका. पोचतोय म्हणा."

तिनं दाराकडे बघितलं. "बाबा, पोचतोय म्हणजे?"

काकांनी रिसीव्हर छातीशी धरला होता. काकूंनी गॅस बंद केला आणि म्हणाल्या, "ऑन द वे."

केतकीनं ते वाक्याच्या पुढे लिहिलं, आणि खाली, दुसऱ्या कुणाचंही नाही, आजीचं नाव घातलं.